नेटहॅक खेळातील शत्रू आणि त्यांच्याशी लढण्याच्या पद्धती

नेटहॅक हा संगणकावर एकट्याने खेळावयाचा, भुयारात उतरून शोध घेण्याचा खेळ आहे. डंजन क्रॉलर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांपैकी सर्वांत जुन्या आणि अजूनही खेळल्या जाणाऱ्या खेळांत त्याची गणना होते. या खेळात साडेतीनशेहून अधिक प्रकारचे शत्रू आहेत. खेळाडूचे पात्र एकदा मेले की ते कायमचे मरते. जतन केलेल्या जुन्या जागेवरून पुन्हा सुरुवात करण्याची सोय खेळात नाही. त्यामुळे कोणता शत्रू कसा मारावा, कोणाला हातही लावू नये आणि कोणापासून वेळीच पळावे, हे ज्ञान या खेळात तलवारीपेक्षा मोलाचे ठरते. प्रस्तुत लेखात या शत्रूंचे मुख्य प्रकार, त्यांच्याशी लढण्याच्या पद्धती आणि भारतीय परंपरेतून अशा खेळांत गेलेल्या नाग व राक्षस या प्रतिमांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ लिहिला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. या खेळात चित्रे नव्हती. भिंती, दारे, खजिना आणि शत्रू हे सारे पडद्यावर अक्षरांनी व चिन्हांनी दाखविले जाई. इंग्रजी वर्णमालेच्या सव्वीस मोठ्या अक्षरांना सव्वीस शत्रू अशी त्याची साधी वाटणी होती. 'रोग'वरून जे फेनलासन यांनी १९८२ मध्ये शाळकरी मित्रांच्या साहाय्याने 'हॅक' रचला, आम्स्टरडॅम येथील आंद्रिस ब्राउवर यांनी तो वाढविला आणि १९८७ च्या जुलै महिन्यात माइक स्टीफनसन यांच्या पुढाकाराने नेटहॅकची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. नावातील 'नेट' हा शब्द दूरदूरच्या स्वयंसेवकांनी संगणकजालावरून एकमेकांशी बोलत खेळ घडविला याची खूण आहे. खेळ विनामूल्य आहे, त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे आणि अगदी साध्या संगणकावरही तो चालतो.

खेळाचा हेतू एका वाक्यात सांगता येतो. भुयाराच्या तळाशी असलेला येंडोरचा ताईत मिळवावा, तो घेऊन पुन्हा वर यावे आणि आपल्या देवाला अर्पण करावा. सामुराई, पुजारी, चेटक्या, वैद्य, अगदी कॅमेरा गळ्यात अडकविलेला पर्यटक अशा तेरा भूमिकांपैकी एक निवडून खेळाडू भुयारात उतरतो. बहुसंख्य खेळाडूंना ताईत कधीच दिसत नाही.

शत्रू ओळखणे

पडद्यावर खेळाडू स्वतः ॲट या चिन्हाने दिसतो. उरलेली अक्षरे इतरांची असतात. लहान 'डी' म्हणजे कुत्रा, कोल्हा, लांडगा या कुळातील प्राणी, तर मोठा 'डी' म्हणजे ड्रॅगन. लहान 'ए' म्हणजे मुंग्या व मधमाश्या. मोठा 'झेड' म्हणजे चालते प्रेत. अक्षराने कूळ कळते, रंगाने जात कळते. येथेच नवशिक्यांची फसगत होते. लहान 'एच' लाल रंगाचा असेल तर तो कुदळ किंवा कुऱ्हाड घेतलेला ड्वार्फ म्हणजे बुटका असतो. तेच अक्षर जांभळट रंगाचे असेल तर तो माइंड फ्लेअर असतो. तो सोंडेसारख्या अवयवांनी डोक्यातील मेंदू खातो, बुद्धी घटवीत नेतो आणि अखेर पात्राला ठार करतो. अर्धविरामाची कळ दाबून दूरचे चिन्ह नेमके कोणाचे आहे हे विचारता येते आणि या विचारण्यात खेळी खर्च होत नाही. तरीही घाईने पुढे जाऊन मेलेल्यांची संख्या मोठी आहे.

शत्रू शांत आहे की वैरी, हेही याच रीतीने कळते. खेळातील प्रत्येक पात्राचा आणि बहुतेक शत्रूंचा एक पक्ष ठरलेला असतो: धर्मशील, तटस्थ किंवा स्वैर. आपल्याच पक्षाचा प्राणी पुष्कळदा वाट अडवीत नाही. अशा शांत प्राण्यावर वार करण्यापूर्वी खेळ विचारणा करतो. तरीही त्याला मारले तर देव रुष्ट होतो.

वेग आणि जागा

नेटहॅकमध्ये प्रत्येकाला एक वेग दिलेला असतो. सामान्य माणसाचा वेग १२ असतो. चालते प्रेत ६ च्या वेगाने येते, म्हणजे खेळाडूच्या दोन पावलांमागे त्याचे एक पाऊल पडते. अशा शत्रूला एक वार करावा, एक पाऊल मागे सरावे, त्याला जवळ येऊ द्यावे आणि पुन्हा वार करावा. तो अंगावर फारसा हात टाकू शकत नाही. तरंगणारा डोळा तर १ च्या वेगाने सरकतो.

उलट बाजूस सोल्जर अँट म्हणजे सैनिक मुंगी आहे. तिचा वेग १८ आहे. खेळाडूच्या दोन खेळ्यांत ती तीनदा वागते आणि दर वेळी एकदा चावते व एकदा नांगी मारते. नांगीत विष असते, त्याने शक्ती घटते आणि दुर्दैवाने कधी एकाच दंशाने पात्र मरते. ड्रॅगन, दैत्य आणि पिशाच यांची नावे मोठी असली, तरी सुरुवातीच्या मजल्यांवर या एवढ्याशा मुंगीने जितके नायक मारले तितके फार थोड्यांनी मारले असतील. तिच्यापासून पळता येत नाही, कारण पळणाऱ्याला ती गाठतेच. म्हणून पळण्यापेक्षा उभे राहण्याची जागा निवडणे हाच उपाय उरतो.

उघड्या दालनात खेळाडूला आठही बाजूंनी घेरता येते. चिंचोळ्या बोळात समोरून एकच शत्रू भिडू शकतो. दाराच्या चौकटीत हा लाभ अधिक असतो, कारण चौकटीतून तिरपे येता-जाता येत नाही. कोल्ह्यांची टोळी, मधमाश्यांचा थवा किंवा सैनिक मुंग्यांची रांग समोर आली असता चौकटीत उभे राहून एकेकाला झेलणे ही या खेळातील पहिली विद्या होय. चिंचोळ्या खिंडीत मोठी फौज थोपविण्याची युक्ती महाराष्ट्रातील वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

जिना ही दुसरी मोक्याची जागा. जिन्यावर उभे राहून लढणाऱ्याला प्रसंगी वरच्या मजल्यावर निसटता येते. मात्र शेजारच्या घरात असलेला शत्रू मागोमाग जिना चढतो. टोळीपैकी एखाददुसरा असा सोबत आला तर तेही सोयीचेच, कारण वर गेल्यावर त्याच्याशी स्वतंत्रपणे लढता येते.

हात न लावण्याजोगे शत्रू

काही शत्रू स्वतः कधीच हल्ला करीत नाहीत. त्यांना मारणाराच मरतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे निळ्या 'ई' अक्षराने दिसणारा तरंगणारा डोळा. तो कोणाला इजा करीत नाही, जवळजवळ हलतही नाही. परंतु डोळे उघडे असलेल्या खेळाडूने जवळून त्याच्यावर वार केला की त्याच्या नजरेने खेळाडू जागच्या जागी गोठतो. ही अवस्था १२७ खेळ्यांपर्यंत टिकू शकते. तेवढ्या काळात साधा उंदीरही शांतपणे त्याचे प्राण घेऊ शकतो. दुरून खंजीर किंवा बाण मारावेत, अथवा डोळ्यांवर पट्टी बांधून वार करावा, म्हणजे तो निरुपद्रवी ठरतो. त्याचे मांस खाल्ल्यास दूरस्थ मनांचा ठाव घेण्याची शक्ती मिळते. पुढे डोळे बांधले असता मन असलेले सर्व प्राणी मजल्यावर कोठे आहेत हे पात्राला दिसू लागते. धोक्याच्या पोटी लाभ ठेवण्याची ही पद्धत नेटहॅकच्या कर्त्यांच्या विशेष आवडीची दिसते.

बुरश्या आणि जेली यांचेही तसेच आहे. हिरव्या बुरशीला स्पर्श केल्यास आम्लाचा जो फवारा उडतो, तो नव्या पात्राला ठार करण्यास पुष्कळदा पुरेसा असतो. निळी जेली थंडीने गोठविते. या दोन्ही जागच्या हलत नाहीत. त्यांना वळसा घालून जाणे हीच त्यांच्याशी लढण्याची उत्तम पद्धत होय. काळ्या पुडिंगवर लोखंडी शस्त्र चालविले तर त्याचे दोन जिवंत तुकडे होतात. काही खेळाडू याचा उपयोग करून मुद्दाम पुडिंगची पैदास करीत असत.

कॉकाट्रिस

कोंबडा आणि सरडा यांच्या संकरासारखा दिसणारा कॉकाट्रिस हा प्राणी युरोपीय लोककथांतून आला आहे. पिवळ्या रंगाचा लहान 'सी' हे त्याचे चिन्ह. उघड्या हाताने त्याला स्पर्श करणारा तत्क्षणी दगड होतो. त्याचे मांस खाणाराही दगड होतो. त्याच्या फुत्काराने शरीर हळूहळू दगड होऊ लागते, तेव्हा हाती थोड्या खेळ्या असतात. त्या अवधीत पालीसारख्या लिझार्ड नावाच्या प्राण्याचे प्रेत किंवा आम्लधारी प्राण्याचे मांस खाल्ले, अथवा देवाची प्रार्थना फळाला आली, तर पात्र वाचते. कॉकाट्रिसचा वेग ६ असल्याने दुरून बाण मारणे सोपे असते. शस्त्र हाती असलेल्याने जवळून मारले तरी चालते, फक्त लाथ मारताना पायांत बूट आणि ठोसा मारताना हातांत मोजे हवेत.

मोजे घालून मेलेला कॉकाट्रिस हातात धरला तर तोच खेळातील अत्यंत भयंकर शस्त्र बनतो. ज्याला तो लागेल तो बहुधा दगड होतो. मात्र असे शस्त्र हाती घेऊन खड्ड्यात पडलेला खेळाडू त्या प्रेतावर कोसळतो आणि स्वतःच दगड होतो. जवळ फार ओझे असताना जिन्यावरून गडगडल्यासही तेच घडते. हे सारे नियम कोणीतरी आधी विचार करून संहितेत लिहून ठेवले आहेत. नेटहॅकची ख्याती मुख्यतः अशा दूरदृष्टीमुळे झाली.

चोर आणि नासधूस करणारे

अप्सरेसारखी निम्फ प्राण घेत नाही. ती अंगावरील वस्तू काढून घेते आणि मजल्यावर दुसरीकडे नाहीशी होते. ती बहुधा झोपलेली सापडते, म्हणून ती जागी होण्यापूर्वी दुरूनच मारणे इष्ट. लेप्रेकॉन केवळ सोने चोरतो. त्याच्याशी भिडण्यापूर्वी सोने जमिनीवर ठेवून दिले की त्याची चोरीच खुंटते. रस्ट मॉन्स्टर लोखंडी चिलखतावर गंज चढवितो, तेव्हा चिलखत काढून त्याच्याशी लढणे हे वरवर वेडेपणाचे वाटले तरी शहाणपणाचे ठरते. ट्रोल मेल्यावर पुन्हा उठतो. त्याचे प्रेत खाऊन टाकणे किंवा डब्यात बंद करणे हा त्यावरील उपाय. पाण्याच्या काठी ईल मासा पात्राला वेटाळून बुडवितो, आणि बुडण्यापुढे कितीही हिट पॉइंट असले तरी उपयोग होत नाही. काठापासून एक घर दूर चालावे, एवढेच.

नाग

मोठा 'एन' हे नागांचे अक्षर. नेटहॅकमध्ये लाल, काळा, सोनेरी आणि रक्षक असे चार नाग आहेत आणि प्रत्येकाची पिल्लेही आहेत. लाल नाग सहाव्या श्रेणीचा असून अग्नी फुंकतो. काळा नाग आठव्या श्रेणीचा असून आम्ल थुंकतो. दहाव्या श्रेणीचा सोनेरी नाग मंत्र टाकतो. बाराव्या श्रेणीचा रक्षक नाग चावून पात्राला निश्चेष्ट करतो, विष थुंकतो आणि वेटोळ्यात आवळतो. त्याचा वेग १६ आहे, म्हणजे पायी पळून सुटका नाही.

फुंकलेला अग्नी व थुंकलेले विष सरळ रेषेतच जाते. आडव्या, उभ्या आणि तिरप्या अशा आठ रेषा टाळून बुद्धिबळातील घोड्याप्रमाणे बाजूने जवळ जावे, म्हणजे लाल व काळ्या नागाचे निम्मे बळ वाया जाते. रक्षक नागाचा दंश सर्वांत घातक, कारण निश्चेष्ट पडलेल्याला पुढच्या खेळ्या मिळत नाहीत. 'फ्री ॲक्शन' या गुणाची अंगठी बोटात असल्यास तो दंश केवळ क्षणभर अंग आखडवून सोडतो. नागांवर विषारी बाण चालत नाहीत, कारण विष त्यांना बाधत नाही. त्यांचे मांस खाल्ल्यास काही वेळा खाणाऱ्यालाही विषाची बाधा होईनाशी होते.

महत्त्वाची गोष्ट ही की रक्षक नाग धर्मशील पक्षाचा आहे. धर्मशील भूमिकेतील खेळाडूला तो पुष्कळदा शांत भेटतो. त्याच्यावर तलवार उचलण्याआधी विचारणा झाली तर ती टाळणेच योग्य.

हे नाव खेळात आले ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागदावर व फाशांनी खेळावयाच्या खेळातून. त्याच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात रक्षक, प्रेतात्मरूपी आणि जलवासी असे तीन नाग दिले होते. मनुष्यमुखी सर्पाची ती कल्पना भारतीय आहे, परंतु तिचा अर्थ वाटेत बराच गळला. महाराष्ट्रात श्रावणातील पंचमीला नागाची पूजा होते. बौद्ध परंपरेत मुचलिंद नागाने फणा धरून बुद्धाला पावसापासून सावली दिली. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याच्या बाहेर सपत्नीक बसलेला नागराज कोरलेला आहे. तो वाट अडविणारा शत्रू नाही, लेण्याच्या अंगणातील मानाचा सोबती आहे. नागपूर शहराचे नाव तेथून वाहणाऱ्या नाग नदीशी निगडित आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूर का निवडले याचे कारण देताना त्यांनी बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा उल्लेख केला. त्यांच्या मांडणीत नाग हे छळ सोसलेले ऐतिहासिक लोक होते. अशा शहरातील वाचकाने पडद्यावर 'एन' अक्षर पाहिले असता त्याला ते निव्वळ शिकार वाटेलच असे नाही. सर्व नागांना एकाच तराजूत न तोलता एकाला रक्षक आणि धर्मशील ठेवण्याइतकी सावधगिरी खेळाच्या कर्त्यांनी, कळत वा नकळत, दाखविली आहे.

माघार, लेखन आणि प्रार्थना

नेटहॅकमधील काही उत्तम शस्त्रे मुळी शस्त्रे नाहीत. टॉल्किन यांच्या कथाविश्वातील 'एल्बेरेथ' हे नाव धुळीत बोटाने लिहून त्यावर उभे राहिल्यास बहुतेक शत्रू जवळून हल्ला करण्यास धजत नाहीत. माणसे आणि मिनोटॉर मात्र त्याला जुमानत नाहीत. दुरून येणारे बाणही थांबत नाहीत. पूर्वी या अक्षरांवर उभे राहून निर्धास्तपणे लढता येई. २०१५ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून खेळाडूने तेथून वार केला की लेखन पुसले जाते. त्यामुळे आता ते श्वास घेण्यापुरतेच कामाचे राहिले आहे, आणि हा बदल न्याय्य म्हणावा लागेल.

प्रार्थनेचेही नियम आहेत. हिट पॉइंट कमाल मर्यादेच्या एकसप्तमांशाहून खाली गेले, किंवा सहाहून कमी झाले, की देव ते संकट मानतो आणि पात्राला पूर्ण बरे करतो. सुरुवातीच्या सुमारे तीनशे खेळ्या उलटण्यापूर्वी प्रार्थना करू नये आणि त्यानंतर दोन प्रार्थनांत हजारभर खेळ्यांचे अंतर ठेवावे. उतावळ्या भक्तावर देव कोपतो. नवशिक्यांच्या मृत्यूंत मोठा वाटा अशांचा असतो, ज्यांच्यापाशी प्रार्थना शिल्लक होती पण ती आठवली नाही.

खोल मजल्यांवरील शत्रू

पाण्याने वेढलेल्या बेटावर मेड्युसा बसलेली असते. तिच्या नजरेने दगड होतो. डोळे बांधून लढावे किंवा तिच्यासमोर आरसा धरावा, म्हणजे ती स्वतःच्याच नजरेने दगड होते. त्याखाली गेहेनॉम नावाचा नरक आहे आणि तेथे प्रार्थना चालत नाही. ऑर्कस, अस्मोडियस, डेमोगॉर्गन हे दैत्यराज तेथे भेटतात. त्यांतील काहींना मागतील तेवढे सोने दिले तर ते निघून जातात. येंडोरचा चेटक्या मारला तरी पुन्हा पुन्हा परत येतो. अगदी शेवटी मृत्यू, दुष्काळ आणि रोगराई हे तीन स्वार उभे असतात. बायबलमधील चौथा स्वार युद्ध. तो कोठे दिसत नाही, कारण तेथवर रक्त सांडत आलेला खेळाडू स्वतःच तो असतो, असा या रचनेचा अर्थ लावला जातो.

राक्षस आणि महाराष्ट्रातील एक खेळ

नेटहॅकमध्ये राक्षस या नावाचा शत्रू नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मात्र तो १९७५ पासून आहे. त्याची प्रेरणा कोणत्याही भारतीय ग्रंथातून थेट आलेली नसून 'कोलचॅक' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागातून आली. म्हणूनच त्याला मारण्याचा उपाय मंतरलेला क्रॉसबो बाण हा ठरला, जो कोणत्याही पुराणात सापडणार नाही. मायावी रूप घेण्याची त्याची शक्ती तेवढी मूळ कथांना धरून आहे. पांडवांच्या बाजूने लढून पडलेला घटोत्कच किंवा रामाला येऊन मिळालेला बिभीषण यांना त्या राक्षसात जागा नाही.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. तो नेटहॅकसारखा नाही. त्यात चित्रे आहेत, खेळ्या नसून सतत चालणारी लढाई आहे आणि मेल्यावर पुन्हा प्रयत्न करता येतो. महाबलासुराच्या असुरसेनेने पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधण्यासाठी राजी ही मुलगी निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते. लढण्याची रीतही निराळी आहे. राजी खेळ करून पोट भरणारी कसरतपटू असल्याने ती भिंतीवर धावून आणि खांबाला गिरकी घेऊन त्रिशूळ चालविते. म्हणजे येथेही शत्रूच्या बळापेक्षा दालनाची रचना आधी पाहावी लागते. घेराव पडला असता जवळचा खांब गाठणे हे नेटहॅकमधील दाराची चौकट गाठण्यासारखेच आहे. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनांत या खेळाचा समावेश होता.